मल्टिकास्ट दर वेळी चार मिनिटांनी थांबतं? आधी क्वेरियर आहे का ते बघा

लक्षण आधी सांगते, म्हणजे हे तुमच्या कामाचं आहे की नाही ते लगेच कळेल.

एका सर्व्हरवरून लॅबमधल्या पन्नास-साठ मशीनवर मल्टिकास्टनं, म्हणजे एकच प्रत सगळ्यांना एकाच वेळी पाठवून, इमेज (अख्ख्या डिस्कची तयार प्रत) टाकायला घेतली आहे. सगळी मशीन सर्व्हरला सापडतात. सुरू केलं की बार सरकायला लागतो, वेगही चांगला असतो. साधारण चार-सव्वाचार मिनिटं होतात आणि सगळी मशीन एकदम जागच्या जागी थबकतात. सर्व्हरच्या स्क्रीनवर टाइमआऊटच्या ओळींची रांग लागते आणि मग एकेक मशीन गळायला लागतं. केबल जागेवर आहेत, लाइट लुकलुकताहेत, पिंगही जातो. रद्द करून पुन्हा सुरू केलं की पुन्हा छान चालतं, आणि चार मिनिटांनी पुन्हा तेच.

असं होत असेल तर बहुतेक तुमच्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टला मल्टिकास्ट हवं याची यादी ठेवायची सोय) चालू आहे, पण नेटवर्कमध्ये क्वेरियर (ती यादी ताजी राहावी म्हणून मशीनना ठरावीक वेळानं विचारणारा) कोणीच नाही. ज्यांना आत्ताच्या आत्ता लॅब उभी करायची आहे त्यांनी मधल्या स्विचच्या सेटिंगमध्ये जाऊन, ज्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या काढलेल्या नेटवर्कच्या भागात) इमेजिंग चालतं त्या व्हीलॅनसाठी क्वेरियर चालू करावा आणि पुन्हा करून बघावं. काम झालं तरी सवडीनं बाकीचं वाचा, कारण हा दोष परत येतो. आमच्याकडे तो सलग तीन वर्षं आला आणि तिन्ही वेळा आम्ही भलतीकडेच शोधत राहिलो.

तीन वर्षं काय काय केलं

मी एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅब सांभाळते. दोन लॅब, मिळून साठ मशीन. टर्म सुरू व्हायच्या आधी, जूनमध्ये, सगळ्यांवर नवी इमेज जाते. आम्ही क्लोनझिला वापरतो. ते तैवानमध्ये तयार झालेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि एकाच वेळी अनेकांना पाठवायचं काम त्याच्या पोटात यूडीपीकास्ट करतं.

एकेका मशीनला वेगवेगळी प्रत का पाठवत नाही, असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. हिशेब सोपा आहे. दाबून लहान केलेली आमची इमेज ४० जीबीची. साठ मशीनला साठ प्रती म्हणजे २,४०० जीबी. सर्व्हरच्या एक गिगाबिटच्या पोर्टमधून सेकंदाला फार तर ११० एमबी बाहेर पडतात. म्हणजे सहा तास, तेही मध्ये काही बिघडलं नाही तर. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर एकच प्रत पाठवतो आणि तिच्या नकला स्विच काढतो, ज्या पोर्टला हवी त्या पोर्टला. ४०० मेगाबिटच्या संथ वेगानंही ४० जीबी साडेतेरा मिनिटांत साठही मशीनवर पोचतात. साठच्या जागी सहाशे मशीन असती तरी सर्व्हरच्या केबलमधून तेवढाच डेटा गेला असता. म्हणून हे सोडून द्यायचं नाही, दुरुस्त करायचं.

पहिल्या वर्षी आम्ही सर्व्हरचं नेटवर्क कार्ड बदललं. दुसऱ्या वर्षी स्विचचं फर्मवेअर. दर वेळी बदल करून झाल्यावर ५ जीबीची छोटी इमेज पाठवून बघायचो आणि ती बिनबोभाट जायची. मग मोठी लावली की अडायची. शेवटी दहा-दहा मशीनचे गट करून, एकेकट्या प्रती पाठवून कसंबसं काम उरकायचं आणि वर्षभर विसरून जायचं.

तिसऱ्या वर्षी एक घोडचूक केली. कुठेतरी वाचलं होतं की स्नूपिंग बंद केलं की मल्टिकास्टच्या सगळ्या तक्रारी मिटतात. केलं बंद. आणि खरंच इमेज थांबली नाही. दहा मिनिटांत खालून फोन, फी काउंटरचं सॉफ्टवेअर हलत नाही, बाहेर पालकांची रांग. स्नूपिंग बंद केल्यावर स्विचला मल्टिकास्ट आणि ब्रॉडकास्ट (सरसकट सगळ्यांना पाठवलेलं) यांत फरक करता येत नाही. तो ४०० मेगाबिटचा लोंढा व्हीलॅनमधल्या प्रत्येक पोर्टवर ओततो. ऑफिसचे जुने पीसी, प्रिंटर, शंभर मेगाबिटचे कॅमेरे, वायफायचे ॲक्सेस पॉइंट, सगळ्यांच्या अंगावर. ऑफिस आणि लॅब तेव्हा एकाच व्हीलॅनमध्ये होते, ही त्याच्या आधीची चूक. स्नूपिंग बंद करायचा सल्ला तुम्हाला कोणी दिला, तर ज्या स्विचला लॅबशिवाय दुसरं काहीही जोडलेलं नाही, तिथेच तो पाळा.

धागा सापडला तो लॅबच्या मामांमुळे. इमेज सुरू केली की आम्ही त्यांना कॅन्टीनमधून चहा आणायला सांगायचो. एकदा ते म्हणाले, "मॅडम, मी चहा घेऊन वर येतो तेव्हा दर वेळी नुकतंच बंद पडलेलं असतं. कधी जाताना बंद पडलंय असं झालं नाही, आणि चहा पिऊन झाल्यावर बंद पडलं असंही नाही."

मी त्या दिवशी मोबाइलवर घड्याळ लावलं. ४ मिनिटं २० सेकंद. पुन्हा सुरू केलं. ४ मिनिटं २० सेकंद, एक-दोन सेकंद इकडेतिकडे. खराब केबल किंवा तापलेलं कार्ड असं घड्याळ लावून बंद पडत नाही. कुठेतरी कोणीतरी वेळ मोजत होतं. आणि ५ जीबीची इमेज का जायची तेही तेव्हाच उलगडलं. ती पावणेदोन मिनिटांत संपायची, मोजणी पूर्ण व्हायच्या कितीतरी आधी.

२६० सेकंद येतात कुठून

४ मिनिटं २० सेकंद म्हणजे २६० सेकंद. हा आकडा आयजीएमपीच्या नियमांतच लिहिलेला आहे.

मल्टिकास्टची मूळ कल्पना स्टीव्ह डीअरिंग यांची. १९८९ साली त्यांनी लिहिलेल्या आरएफसी १११२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) ती मांडलेली आहे: पाठवणाऱ्यानं गटाच्या पत्त्यावर पाठवावं, ज्याला हवं त्यानं गटात नाव घालावं, आणि कोण कोण ऐकतंय हे पाठवणाऱ्याला ठाऊक असायची गरज नाही. पाठवणाऱ्याला यादी ठेवावी लागत नाही म्हणूनच गट कितीही मोठा होऊ शकतो. पण यादी कोणाला तरी ठेवावीच लागते. आपल्या लॅबमध्ये ती स्विच ठेवतो.

शाळेतला हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. मशीन गटात शिरताना 'मी हजर' असा आयजीएमपीचा एक छोटा संदेश पाठवतं. स्विच तो संदेश वाटेत ऐकतो आणि आपल्या पटावर लिहून ठेवतो की या पोर्टवर या गटाचं गिऱ्हाईक आहे. हे चोरून ऐकणं म्हणजेच स्नूपिंग. पण मशीन गट सोडताना नीट सांगून जाईलच असं नाही. लाइट जाते, कोणी केबल ओढतं. म्हणून पटावरचं नाव कायमचं नसतं. ठरावीक वेळात पुन्हा 'हजर' ऐकू आलं नाही तर स्विच नाव खोडतो.

आणि मशीन पुन्हा 'हजर' कधी म्हणतं? कोणी हजेरी घेतली तर. आपणहून ते सुरुवातीला एक-दोनदाच बोलतं आणि मग गप्प बसतं. दर १२५ सेकंदांनी 'कोण कोण आहे?' असं विचारणारा जो असतो तो क्वेरियर. उत्तर द्यायला १० सेकंदांची मुदत असते. एखादा प्रश्न वाटेत हरवू शकतो म्हणून दोन फेऱ्यांची सवलत: १२५ गुणिले २, अधिक १०. झाले २६०.

क्वेरियर नसेल तर पहिली फेरीच होत नाही. साठही मशीन कान टवकारून बसलेली असतात, त्यांना डेटा मिळतही असतो, पण त्यांना कोणी विचारत नाही म्हणून ती बोलत नाहीत, आणि २६०व्या सेकंदाला स्विच पाटी पुसून टाकतो. रद्द करून पुन्हा सुरू केलं की मशीन नव्यानं गटात शिरतात, नव्यानं 'हजर' म्हणतात, आणि आणखी २६० सेकंद मिळतात. म्हणून तर दर वेळी आपल्याला वाटतं की आत्ता केलेल्या बदलानं फरक पडला.

आधीची कित्येक वर्षं हे का झालं नव्हतं? कारण सर्व्हर रूममध्ये एक जुना राऊटर होता, त्यावर मल्टिकास्ट राऊटिंग चालू होतं आणि असा राऊटर क्वेरियरचं काम आपोआप करतो. तीन वर्षांपूर्वी तो काढून तिथे फायरवॉल बसवली. इंटरनेट चाललं, सगळे खूश. हजेरी घेणारा गेला हे कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण त्याची गरज वर्षातून एकदाच पडायची.

निदान

गटातल्या कोणत्याही एका मशीनवर वायरशार्क (नेटवर्कवरून काय येतंय-जातंय ते दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा, फिल्टरच्या चौकटीत आयजीएमपी लिहा आणि अडीच मिनिटं थांबा. लिनक्सवर टीसीपीडम्पनंही हेच होतं. अडीच मिनिटांत २२४.०.०.१ या पत्त्यावर निदान एक 'मेंबरशिप क्वेरी' दिसली पाहिजे. ती कोणाकडून आली, तो आयपी लिहून घ्या. तोच तुमचा क्वेरियर. एकही आली नाही तर निदान झालं. एक सावधगिरी: लिनक्सच्या प्रोक फोल्डरमध्ये आयजीएमपीची जी फाइल असते तिच्यात क्वेरियर नावाचा रकाना दिसतो आणि त्यात व्ही३ (आयजीएमपीची तिसरी आवृत्ती) लिहिलेलं असतं. ते बघून हुरळून जाऊ नका. नेटवर्कमध्ये क्वेरियर नसला तरी तिथे व्ही३ च दिसतं.

लक्षणाचं थोडं वेगळं रूपही आहे, आणि त्याचं कारणही हेच असतं. सर्व्हर ज्या स्विचला जोडला आहे त्याच स्विचवरची मशीन चार मिनिटं चालतात, पण दुसऱ्या स्विचवरच्यांना पहिल्या सेकंदापासून काहीच मिळत नाही. याचं कारण असं की स्विच मशीनचा 'हजर' हा संदेश सगळीकडे पाठवत नाही, ज्या पोर्टवरून हजेरीचा प्रश्न आला त्याच पोर्टकडे पाठवतो. प्रश्न कुठूनच आला नाही तर दुसऱ्या स्विचवरची हजेरी दुसऱ्या स्विचवरच राहते, सर्व्हरच्या स्विचला पत्ताच लागत नाही.

आणि काही स्विचवर यातलं काहीच दिसणार नाही. पटावर नसलेल्या गटाचा डेटा सगळ्या पोर्टवर सोडून द्यायची मुभा २००६ च्या आरएफसी ४५४१ नं स्विचला दिली आहे. असा स्विच असेल तर इमेज थांबत नाही, पण चार मिनिटांनंतर अख्खं नेटवर्क जड होतं. तक्रार वेगळ्या खोलीतून येते, म्हणून ती इमेजिंगशी जोडली जात नाही. फी काउंटरचा फोन आठवा.

यूडीपीकास्टवाल्यांना फसवणारी अजून एक गोष्ट. मशीन सर्व्हरला सापडतात म्हणजे मल्टिकास्ट चालू आहे असं आपण धरून चालतो. पण एकमेकांना शोधण्याची पहिली देवाणघेवाण यूडीपीकास्ट साध्या ब्रॉडकास्टवर करतं. खरा डेटा त्यानंतर गटाच्या पत्त्यावरून जातो. त्यामुळे 'सगळी मशीन दिसतात' याला पुरावा मानू नका.

दुरुस्ती

सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर 'आयपी आयजीएमपी स्नूपिंग क्वेरियर' एवढी एक ओळ पुरते. बाकीच्या कंपन्यांच्या वेब पानावर आयजीएमपी स्नूपिंगच्याच टॅबमध्ये क्वेरियरची टिकमार्क असते. करताना तीन गोष्टी सांभाळा.

क्वेरियर मधल्या स्विचवर ठेवा, जिथे बाकीचे स्विच येऊन मिळतात तिथे. क्वेरियरच्या दिशेला प्रत्येक गटाचा डेटा जातोच, तिकडे कोणी ऐकत असो वा नसो. तो टोकाच्या स्विचवर ठेवलात तर सगळे प्रवाह विनाकारण त्या टोकापर्यंत जातील. दोन ठिकाणी चालू ठेवला तर बिघडत नाही. ज्याचा आयपी आकड्यानं लहान तो निवडला जातो, दुसरा गप्प राहतो आणि पहिला गेल्यावर काम हातात घेतो. आम्ही मुद्दाम दोन ठेवले आहेत.

त्याला त्या व्हीलॅनमधला खरा आयपी द्या. आयपी नसेल तर काही स्विच ०.०.०.० या पत्त्यावरून प्रश्न विचारतात, आणि काही स्विच अशा प्रश्नाला जुमानत नाहीत. क्वेरियर चालू दिसतो, वायरशार्कमध्ये प्रश्नही दिसतो, आणि तरी दुसऱ्या स्विचवर पाटी पुसली जाते. मी यात एक पूर्ण दुपार घालवली.

तिसरं म्हणजे प्रत्येक व्हीलॅनला वेगळा क्वेरियर लागतो. एका व्हीलॅनमध्ये चालू केला म्हणजे शेजारच्या व्हीलॅनमध्ये झाला असं होत नाही.

स्विच स्वस्तातला असेल, स्नूपिंग आहे पण क्वेरियरची सोयच नाही, तर लिनक्सचा एखादा सर्व्हर हे काम करू शकतो. त्यावर ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच) तयार करून ब्रिजचा मल्टिकास्ट क्वेरियर चालू करायचा, आणि प्रश्न खऱ्या आयपीवरून विचारायची त्याची वेगळी सेटिंगही चालू करायची. याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. व्हर्च्युअल मशीनवाल्यांच्या लिनक्स ब्रिजमध्ये स्नूपिंग आपोआप चालू असतं आणि क्वेरियर बंद. क्लस्टरमधली मशीन काही मिनिटांनी एकमेकांना हरवतात ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते.

१२५ सेकंदांचा कालावधी शक्यतो बदलू नका. बदललात तर सगळ्या स्विचवर सारखाच बदला. क्वेरियर १२५ सेकंदांनी विचारतोय आणि एखादा स्विच १०० सेकंदांतच नावं खोडतोय असं झालं, तर डेटा दर फेरीत थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू होतो, आणि ते शोधणं पूर्ण थांबण्यापेक्षाही अवघड जातं.

पत्त्याबद्दलही इथेच सांगते. यूडीपीकास्ट स्वतःहून २३२ नं सुरू होणारा पत्ता घेतं. तो विभाग 'याच पाठवणाऱ्याकडून हवं' असं नाव घेऊन मागणाऱ्यांसाठी राखीव आहे, आणि काही स्विच तिथे साधं 'मी हजर' मानत नाहीत. डेटाचा पत्ता हातानं २३९ मधला द्या, तो संस्थेच्या आतल्या वापरासाठीच आहे. पण २३९.०.०.काहीतरी किंवा २३९.१२८.०.काहीतरी नको. गटाच्या आयपीतल्या २८ बिटांपैकी फक्त २३ मॅक पत्त्यात (नेटवर्क कार्डाच्या पातळीवरच्या पत्त्यात) उतरतात, म्हणून ३२ गट एकाच मॅक पत्त्यावर येऊन बसतात. वरचे दोन तर २२४.०.०.काहीतरी याच्याच मॅकवर पडतात, आणि मॅक पत्ता बघून काम करणारे स्विच तो डेटा नेहमी सगळीकडे सोडतात. आम्ही २३९.१९२ मधला पत्ता घेतो.

आता थांबत नाही, पण रांगतं

क्वेरियर लावल्यावर आमची इमेज २६० सेकंद ओलांडून पुढे गेली तेव्हा लॅबमध्ये टाळ्या वाजल्या. पण साडेतेरा मिनिटांच्या जागी पाऊण तास लागला. हा वेगळा दोष. ज्यांचं थांबणं बंद होतं त्यांना पुढे बहुतेक हाच भेटतो.

मल्टिकास्ट यूडीपीवर चालतं. हरवलेलं पाकीट (पॅकेट, डेटाचा एक गठ्ठा) पुन्हा मागायची सोय त्यात मुळातच नाही, ती वरच्या सॉफ्टवेअरला करावी लागते. यूडीपीकास्ट डेटाचे तुकडे पाडतं, एक तुकडा पाठवतं, सगळ्या मशीनकडून पोच घेतं, मगच पुढचा पाठवतं. पंगतीत सगळ्यात हळू जेवणाऱ्यासाठी सगळे ताटावर थांबतात, तसं. एक मशीन अडखळलं की एकोणसाठ वाट बघतात.

अडखळणारं मशीन शोधायला स्विचच्या पानावर पोर्टची यादी उघडा आणि वेगाचा रकाना वाचा. आमच्या यादीत सगळीकडे १००० होतं आणि एका ठिकाणी १००. ते ३७ नंबरचं मशीन. त्याच्या पॅच कॉर्डचं टोक काढून खिडकीच्या उजेडात धरलं. आठ तारांपैकी तपकिरी जोडीतली एक तार कनेक्टरच्या टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती, क्रिम्प करताना मागे सरकली होती. शंभर मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, तपकिरी लागत नाही, म्हणून कार्ड शंभरवर उतरून बिनतक्रार चालत होतं. इंटरनेट, परीक्षेचं पोर्टल, सगळं चालायचं, विद्यार्थ्यांना कधी कळलं नाही. पण ४०० मेगाबिटचा प्रवाह १०० च्या पोर्टमध्ये घातल्यावर स्विचचा बफर भरतो आणि उरलेली पाकिटं तो टाकून देतो. मग तेच तुकडे पुन्हा पुन्हा, सगळ्यांसाठी. कॉर्ड बदलली. पाऊण तासाची अठरा मिनिटं झाली.

उरलेला उशीर हार्ड डिस्कचा होता. सेकंदाला ५० एमबी येतात ते दाबलेले. उलगडून लिहिताना ते ९०-९५ होतात, आणि जुन्या फिरत्या डिस्कला शेवटी शेवटी तेवढं झेपत नाही. सर्व्हरवर कमाल वेग ३०० मेगाबिटला बांधला आणि एकूण वेळ उलट कमी झाला, कारण पुन्हा पाठवणं जवळपास थांबलं. जो वेग सगळ्यांना झेपतो तोच लावायचा. आकडा कमी दिसला म्हणून जीव कासावीस होतो, पण घड्याळ बघा.

पाकीट स्विचमध्ये पडत नसून मशीनच्या आतच पडत असेल, असंही होतं. लिनक्सवर नेटस्टॅटच्या यूडीपी आकडेवारीत 'रिसीव्ह बफर एरर' वाढतोय का बघा. बऱ्याच लिनक्समध्ये हा बफर मुळात २,१२,९९२ बाइटचा असतो. सेकंदाला ५० एमबीच्या वेगानं तो चार मिलिसेकंदांत भरतो. तेवढ्यात डिस्क एकदा अडली की गेलं. तो काही एमबीपर्यंत वाढवा. वायफायवर हे काम करूच नका. हवेत मल्टिकास्टची पोच घेतली जात नाही आणि ते बहुधा सगळ्यात कमी वेगानं पाठवलं जातं.

मशीन शेकड्यांत असतील तर

साठपर्यंत प्रत्येकाची पोच घेणं चालून जातं. पुढे ते मोडतं. समजा प्रत्येक मशीन हजारातलं एक पाकीट हरवतं, आपापलं, स्वतंत्रपणे. साठ मशीनमध्ये एखादं पाकीट कोणाकडे तरी हरवायची शक्यता शंभरात जवळपास सहा होते. हजार मशीनमध्ये ती शंभरात त्रेसष्ट. म्हणजे निम्म्याहून जास्त पाकिटं कोणा ना कोणासाठी पुन्हा पाठवावी लागतात, आणि हजार पोचपावत्या एकाच वेळी सर्व्हरवर आदळतात त्या वेगळ्याच.

यावर पहिला उपाय म्हणजे मिळालं तर गप्प बसायचं, नाही मिळालं तरच ओरडायचं. पंगतीत वाढपी प्रत्येकाला 'पोळी आली का?' विचारत बसत नाही, ज्याच्या पानात नाही तोच हाक मारतो. एकाच वेळी शंभर जणांनी हाक मारू नये म्हणून प्रत्येक मशीन थोडा वेळ, नशिबानं ठरेल तेवढा, थांबतं, आणि दुसऱ्यानं तीच मागणी केलेली कानावर आली तर स्वतः गप्प राहतं. नॉर्म नावाचा प्रोटोकॉल अशा पद्धतीनं चालतो, २००९ साली आरएफसी ५७४० म्हणून तो नोंदला गेला.

दुसरा उपाय मला फार आवडतो. आठ पाकिटं पाठवायची आणि नववं त्या आठांची बिटागणिक बेरीज करून, एक्सऑर करून, पाठवायचं. एका मशीनकडे तिसरं हरवलं, दुसऱ्याकडे पाचवं, तिसऱ्याकडे आठवं. तिघांचं नुकसान वेगळं, पण तेच एक नववं पाकीट तिघांनाही पुरतं: आपल्याकडच्या सातांशी त्याचं एक्सऑर केलं की नेमकं आपलं हरवलेलं हाती येतं. काय हरवलं हे कोणी सांगायचीही गरज नाही. यूडीपीकास्टमध्ये याचाच मोठा भाऊ आहे, एफईसी नावाचा पर्याय. एकाच आठात दोन हरवली तर मात्र एक जादा पाकीट पुरत नाही, म्हणून जादा पाकिटं किती ठेवायची ते आपल्याकडच्या गळतीवर ठरवायचं.

मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्सचेंजचा टिक-बाय-टिक (बाजारातल्या प्रत्येक बारीक बदलाचा) डेटाही आता मल्टिकास्टनं जातो. पूर्वी तो टीसीपीनं (एकेकाशी वेगळी जोडणी करून, पोच घेत पाठवायच्या पद्धतीनं) प्रत्येक ब्रोकरला वेगवेगळा, एकामागून एक जायचा, त्यामुळे कोणाला आधी आणि कोणाला नंतर हा प्रश्न उभा राहायचा. मल्टिकास्टमध्ये नकला स्विच काढतो, सर्व्हरला रांग लावावी लागत नाही. तिथे चुकलेलं पाकीट भरून घ्यायला टीसीपीची वेगळी वाट ठेवलेली आहे. आमच्या ३७ नंबरसाठी पंगत थांबते तशी तिथे कोणासाठी थांबत नाही, आणि तिथे तेच योग्य आहे. लॅबमध्ये शेवटचं मशीनही अचूक भरलं पाहिजे, बाजारात जुना भाव उशिरा मिळून उपयोग नाही. आपल्याला कोणती हमी हवी ते आधी ठरवायचं, मग साधन निवडायचं.

रॅकवरची चिठ्ठी

आमचा दोष तीन वर्षं टिकला कारण राऊटर काढणाऱ्याला तो अजून काय काम करतो हे ठाऊक नव्हतं, आणि ते कुठे लिहिलेलंही नव्हतं. म्हणून आता रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे, वर पारदर्शक टेप, मामांच्या अक्षरात, कारण त्यांचं अक्षर चांगलं आहे:

'क्वेरियर मधल्या स्विचवर, व्हीलॅन २० आणि ३०. राखीव क्वेरियर लॅब-२ च्या स्विचवर. यातला कोणताही स्विच बदलला किंवा रीसेट केला तर क्वेरियर पुन्हा चालू करणे. मग मोठी इमेज लावून पाच मिनिटे थांबणे. छोटी इमेज लावून तपासू नये.'